पाण्याखालचा पोटहिस्सा : जुन्या नकाशांवरून वंशशोधाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातले, भिगवण-डिकसळ पट्ट्यातल्या एका भीमाकाठच्या गावाचे. गावाचे नाव दिलेले नाही. माणसांची नावे, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रे बदलली आहेत, पण क्षेत्रांचे आपसातले हिशेब जुळतील असेच ठेवले आहेत, कारण प्रकरणाचा गाभा त्या हिशेबातच आहे.

किसन नावाचे गृहस्थ १९३० च्या दशकात गिरणीत कामाला मुंबईस आले. शेती मोठ्या भावाकडे राहिली. किसन वारल्यावर येणेजाणे आटले, आणि पुढे उजनी धरण झाले. गावठाण आणि नदीकडचे निम्मे शिवार पाण्याखाली गेले, भावकी वेगवेगळ्या पुनर्वसित गावठाणांत पांगली. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले तेव्हा मुंबईच्या घरात गावाचा पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते.

किसन यांच्या नातवाने शोध सुरू केला. हाताशी होते ते एवढेच: गावाचे नाव, आडनाव, आजोबांचे वडील बाबू आणि मोठे भाऊ यांची नावे, ट्रंकेत सापडलेली शेतसाऱ्याची एक फाटकी पावती (नावापैकी ‘…बिन राणू’ एवढेच शिल्लक), आणि आत्याच्या तोंडची तीन वाक्ये. रेल्वेने आपल्या रानाचा कोपरा कापला. विहिरीत आपला निम्मा हिस्सा होता. आणि विहिरीवर जायची वाट बाबांच्या चुलत्याच्या रानातून होती.

अशा गोष्टी घरोघरी असतात आणि बहुतेक वेळा कौतुकाने ऐकून सोडून दिल्या जातात. इथे तिन्ही वाक्ये जागेबद्दल होती, म्हणून नकाशावर तपासता येण्याजोगी होती.

अडचण

पहिला शोध अर्थातच नावाने झाला. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या २०२३ पासूनच्या कामामुळे जुने अभिलेख मोठ्या प्रमाणावर धुंडाळले आणि स्कॅन केले गेले आहेत. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही त्यात आल्या. पण जुन्या नोंदीत आडनाव क्वचितच असते. ‘राणू बिन तुका’, म्हणजे तुकाचा मुलगा राणू, एवढेच लिहिलेले असते, आणि या गावात एकाच काळात दोन राणू बिन तुका होते, दोघेही एकाच आडनावाचे, वेगळ्या भावकीतले.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. किसन यांचे नाव महसुली दप्तरात कुठेही नव्हते. मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा पडला, की धाकट्यांची नावे अधिकार अभिलेखात उमटतच नाहीत. शहरात गेलेल्या धाकट्या भावाच्या वंशजांना सातबाऱ्यावर आजोबा न सापडण्याचे हे सर्वात नेहमीचे कारण आहे. सापडले नाहीत म्हणजे गाव चुकले, असा निष्कर्ष काढून पुष्कळ शोध इथेच सोडले जातात.

तिसरी अडचण पाण्याची. बुडीत जमिनीचा आजचा सातबारा सरकारच्या नावे असतो. म्हणजे आजच्या मालकापासून मागे जाण्याची नेहमीची साखळी पहिल्याच कडीला तुटलेली.

समोर असलेले पर्याय

पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांची वही हा पहिला पर्याय होता. गाव आणि आडनाव सांगितल्यावर पान निघते, आणि पूर्वी यात्रेला आलेल्यांनी सांगितलेली नावे त्यावर असतात. इथे पान निघाले, पण त्यात दोन वेली, म्हणजे वंशावळी, होत्या. एका वेलीत म्हाळूचा मुलगा तुका आणि तुकाला तीन मुलगे, त्यातला धाकटा राणू. दुसऱ्या वेलीतही तुका आणि राणू होते, पण त्या तुकाला दोनच मुलगे. राणूच्या खालची पिढी दोन्हीकडे लिहिलेली नव्हती. म्हणजे वहीने प्रश्न सोडवला नाही, मात्र नेमका करून दिला.

पुनर्वसित गावठाणात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारणे हा दुसरा. तो सुरुवातीला मागे ठेवला. मुंबईहून कोणीतरी येऊन जमिनीची चौकशी करतो म्हटल्यावर वाटणी मागायला आला अशीच समजूत होते, आणि एकदा तोंडे मिटली की पुन्हा उघडायला वर्षे लागतात. हातात कागद असताना, ‘आमचे आजोबा आणि तुमचे आजोबा सख्खे भाऊ’ असे दाखवत जाणे वेगळे.

तिसरा पर्याय नाव सोडून जमीन धरायचा. माणसे मरतात, आडनावे बदलतात, एकच नाव चार पिढ्यांत दोनदा येते. सर्व्हे नंबर मात्र जागचा हलत नाही. आधी शेत कोणते ते ठरवायचे आणि मग त्या शेताच्या कागदांत माणसे शोधायची. हाच मार्ग घेतला.

इंदापूरला त्याचा एक फायदा होता. मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेल्या रयतवारी मोजणीची सुरुवात याच तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये केली. आकारणीची मुदत ३० वर्षांची, त्यामुळे फेरआकारणी १८६७ च्या सुमारास आली. या दोन मोजण्यांच्या मधे, १८५० च्या दशकाअखेर, पुण्याकडून सोलापूरकडे जाणारी रेल्वे या पट्ट्यातून गेली. रेल्वेने खरोखर कोपरा कापला असेल, तर त्या नंबराचे क्षेत्र दोन मोजण्यांत वेगळे असायला हवे.

काय केले : कागद गोळा करणे

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करताना ‘गावाचे जुने नकाशे’ असे मोघम लिहिले की एक गाव नकाशा हातात पडतो आणि बाकीचे राहून जाते. इथे अर्जात नावानिशी मागितले: गाव नकाशा, संबंधित नंबरांची टिपणे (एकेका नंबराचे मापांसह मोजणी-रेखाटन), फाळणी नकाशे (नंबराचे पोटहिस्से दाखवणारे), आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा), आकारफोड पत्रक (पोटहिश्श्यांवर आकाराची विभागणी) आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्र-आकारातले बदल). फेरफार नोंदवही (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची) आणि जुने सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून घेतले. ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर काही पाने आधीच मिळाली, पण फाळणी नकाशे कागदावरच पाहावे लागले.

तुटलेली कडी जोडली ती भूसंपादनाच्या निवाड्याने. १८९४ च्या कायद्याखालच्या निवाड्यात बुडीत जमिनीची सर्व्हे नंबर व हिस्सावार यादी, खातेदारांची नावे, क्षेत्र आणि विहीर-झाडांचा मोबदला असतो, सोबत संयुक्त मोजणीचा नकाशा. बुडीत गावाच्या शोधात हा कागद सातबाऱ्याची जागा घेतो.

एक गोष्ट पथ्यावर पडली. १९४७ च्या कायद्याखालचे एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याचे काम, या गावात पोहोचण्याआधीच नदीकडची जमीन संपादित झाली होती. इतर गावांत जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ घालायला एकत्रीकरणाचे उतारे काढावे लागतात, आणि गट पाडताना लहान पोटहिस्से एकमेकांत मिसळलेले असतात. इथे बुडीत भागापुरता तो टप्पाच नव्हता.

काय केले : नकाशा जमिनीवर बसवणे

आधी गावाची जागा मोठ्या नकाशावर पक्की केली. सर्व्हे ऑफ इंडियाचा एक इंचास एक मैल प्रमाणाचा ४७ जे/१५ हा जुना ताव या कामाचा. त्यावर बुडण्याआधीचे गावठाण, ओढे आणि रेल्वे दिसते. अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० चे यू५०२ मालिकेतले नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यावर गाव म्हणजे एक ठिपका. वाडी कोणत्या बाजूला एवढेच कळते.

खरा नकाशा गावाचा. जुन्या गाव नकाशाचे प्रमाण एक इंचास २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट. कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ ८ मीटर होतो, त्यामुळे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतही दोन-चार मीटर जातात. या नकाशावरून विहिरीची नेमकी जागा काढता येत नाही, शेत ओळखता येते. ही मर्यादा आधीच मान्य केली तर पुढची बरीच निराशा टळते.

नातवाने स्वतः क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत नकाशा बसवायचा पहिला प्रयत्न केला तो फसला, आणि फसण्याची कारणे शिकण्यासारखी आहेत. त्याने उपग्रहचित्रावरची रेल्वे आणि नकाशावरची रेल्वे जुळवली. पण उजनीमुळे रेल्वेमार्गच हलवला गेला. आजची लाईन जुनी नव्हे. जुन्या लाईनची खूण म्हणजे डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल, जो पुढे रस्त्यासाठी वापरात आला.

दुसरे कारण सूक्ष्म होते. बाकीचे सगळे संदर्भबिंदू त्याने पाण्याबाहेरच्या माळाकडचे घेतले होते, कारण तेच आज दिसतात. एकाच कडेला बिंदू असले की दुसरी कड मोकळी सुटते. माळाकडे दोन मीटरची चूक नदीकडे पोचेपर्यंत कित्येक पटींनी वाढते. शिवाय त्याने ‘थिन प्लेट’ पद्धत निवडली होती. तीत प्रत्येक बिंदू जुळवून घेतला जातो, चुकीचा बिंदूही, आणि उरलेली तफावत शून्य दिसते. जुन्या तावाला आधी साधे अफाइन रूपांतर लावावे. कागद आडवा आणि उभा सारखा आटत नाही, तेवढा फरक ते सामावून घेते, आणि ज्या बिंदूची तफावत इतरांहून खूप मोठी दिसते तो बिंदू चुकलेला असतो हे लगेच कळते.

मग मधे एक पायरी घातली. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. शेवटच्या पिढीच्या कॅमेऱ्यांची सूक्ष्मता दोन मीटरच्या आसपास आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर गावाचे अक्षांश-रेखांश टाकून पाणी भरण्याआधीची, ढग नसलेली फ्रेम निवडली. या चित्रांत कडेकडे विकृती वाढत जाते, म्हणून पूर्ण पट्टी न घेता गावाभोवतीचा पाच-सहा किलोमीटरचा तुकडाच कापला. तो तुकडा आजच्या चित्रावर बसवला: डिकसळचा पूल, माळावरची देवळे, आणि पलीकडच्या तीरावरचे बिंदू. आणि त्या तुकड्यावर गाव नकाशा बसवला. चित्रात बांध दिसत होते, गावठाण दिसत होते, जुनी लाईन दिसत होती, त्यामुळे चारी बाजूंनी दहा बिंदू मिळाले. तफावत सरासरी १५ मीटरच्या आत आली. या प्रमाणाच्या नकाशाला एवढे पुरे.

निर्णयाचा पहिला टप्पा : कोणते शेत

जुन्या रेल्वेला भिडणारे बरेच नंबर निघाले. त्यात दोन्ही राणूंच्या भावकीशी संबंध असलेले दोन होते, ६२ आणि ३८. आत्याचे वाक्य ‘बांधावरून गाडी दिसायची’ एवढेच असते तर दोन्ही बसले असते. कोपरा कापला या वाक्यावर मात्र निकाल लागला. पहिल्या मोजणीत स. नं. ६२ चे क्षेत्र १३ एकर १४ गुंठे, फेरमोजणीत १२ एकर ३० गुंठे. फरक २४ गुंठ्यांचा, आणि शेऱ्यात रेल्वे. स. नं. ३८ चे क्षेत्र दोन्हीकडे तेच. लाईन त्याच्या बांधाला लागून गेली होती, आतून नाही.

इथे टिपण वाचताना होणारी एक चूक सांगायला हवी. टिपणावरची मापे साखळी आणि आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ‘५-८’ म्हणजे पाच साखळ्या आठ आणे, १८१.५ फूट. ते ५.८ असे दशांशात वाचले की १९१.४ फूट होतात, आणि चार-पाच लंबांवर (मोजणीरेषेपासून बांधापर्यंतच्या काटकोनी अंतरांवर) हीच चूक झाली की शेताचा आकारच बदलतो. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. जुनी टिपणे आणि प्रतिबुके मोडीत असतात. अंक कोणालाही आठवड्याभरात लागतात, पण नावे वाचायला जाणकार घ्यावा. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि घाईच्या लिखाणात दोन नावे एकसारखी दिसू शकतात.

निर्णयाचा दुसरा टप्पा : वाटणीचा नकाशा वाचणे

स. नं. ६२ च्या फाळणी नकाशावर बांधाला समांतर तीन पट्ट्या होत्या. प्रत्येकी ४ एकर १० गुंठे. तिसरी पट्टी पुन्हा निम्मी केलेली, ३अ आणि ३ब, प्रत्येकी २ एकर ५ गुंठे. तीन सारखे हिस्से म्हणजे तीन भाऊ, आणि एकाच्या हिश्श्याचे दोन तुकडे म्हणजे त्या भावाचे दोन मुलगे. पंढरपूरच्या वहीतल्या पहिल्या वेलीत तुकाला तीन मुलगे होते. दुसऱ्या तुकाला दोनच.

हे जुळणे मोहात पाडणारे आहे आणि म्हणूनच इथे थांबून फेरफार काढावे लागतात. समान पट्टी खरेदीनेही येते. सावकाराकडे मुदतखरेदीने (मुदतीत पैसे फेडल्यास परत मिळण्याच्या अटीवर) गेलेली आणि परत न आलेली पट्टी नकाशावर भावाच्या हिश्श्यासारखीच दिसते, आणि सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांच्या आगेमागे या भागात अशा जमिनी पुष्कळ गेल्या. दत्तकाचा हिस्सा, बहिणीने सोडलेला हक्क, हेही नकाशावर दिसत नाहीत. फेरफाराचे कारण ‘वारसाने’ किंवा ‘वाटपाने’ असेल तरच रक्ताचे नाते धरायचे. स. नं. ६२ मध्ये हिस्सा दोन खरेदीने बाहेरच्याकडे गेलेला निघाला, पण तो नंतर. मूळ तीन हिस्से वाटपाचेच होते. ३अ आणि ३ब ‘राणू बिन तुका मयत, वारस मुलगे’ या नोंदीवरून आले होते. त्या दोघांत बाबू होता. भावकी ठरली.

निर्णयाचा तिसरा टप्पा : अ की ब

आता पावती. नाव फाटलेले, ‘…बिन राणू’ एवढेच शिल्लक. खाते नंबर पुसलेला. पण सरकारी आकार स्वच्छ वाचता येत होता, १ रुपया ९ आणे ६ पै. लोकल फंडाचा, म्हणजे स्थानिक उपकराचा, रकाना वेगळा होता. तो आकारात मिळवला असता तर काहीच जुळले नसते, आणि ही चूक अगदी सर्रास होते.

आकारबंदात स. नं. ६२ चा आकार ९ रुपये ९ आणे. त्याचा तिसरा हिस्सा ३ रुपये ३ आणे, त्याचा निम्मा १ रुपया ९ आणे ६ पै. आकारफोड पत्रकात हीच रक्कम, पण ३अ आणि ३ब दोन्हींपुढे. पावतीने घर नक्की केले, भाऊ नाही.

मग विहीर. फाळणी नकाशावर विहिरीची खूण ३ब मध्ये होती. आपली विहीर म्हणून ३ब आपला, असे म्हणून इथे प्रकरण बंद करता आले असते, आणि ते चुकले असते. ३अ च्या जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत शेरा होता: ३ब मधील विहिरीत निमे हिस्सा व जाण्यायेण्याची वाट. विहीर दुसऱ्याच्या रानात, आपला त्यात हिस्सा, आणि वाट चुलत्याच्या रानातून. आत्याची उरलेली दोन वाक्ये फक्त ३अ ला लागू पडत होती. निवाड्यातही विहिरीचा मोबदला दोन खात्यांत निम्मा-निम्मा विभागलेला होता. ३अ च्या पुढच्या फेरफारात बाबूच्या थोरल्या मुलाचे नाव आले, पुढे ए.कु.मॅ., आणि ते नाव आत्याने आधीच सांगितले होते.

निष्पत्ती

निवाड्यातल्या ३अ च्या वारसांच्या नावांवरून पुनर्वसित गावठाणातले घर सापडले. तिथे किसन मुंबईला गेल्याची आठवण होती. किसन, बाबू, राणू, तुका, म्हाळू अशी पाच पिढ्यांची साखळी झाली, म्हाळूचे नाव फेरआकारणीच्या खात्यात ‘तुका बिन म्हाळू’ असे आणि वहीत स्वतंत्रपणे, अशा दोन जागी. त्याच्या मागे जाण्याचा प्रयत्न केला नाही. घराणे पाटील-कुलकर्ण्यांचे किंवा इनामदारांचे असते, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात वतन-इनामाचे कागद पाहण्यात अर्थ होता. साध्या रयतेचे नाव तिथे सापडण्याची आशा धरून महिने घालवणे परवडत नाही.

जागेचे म्हणाल तर, ३अ कोरोनाच्या चित्रावर बसला, तिथून आजच्या चित्रावर. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३. साठा ‘वजा’ टक्क्यांत जातो म्हणजे पाणी या दुसऱ्या पातळीखाली उतरलेले असते, आणि अशा उन्हाळ्यात पळसदेवचे जुने देऊळ किंवा कुगावचा वाडा उघडा पडल्याच्या बातम्या येतात. गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उन्हाळी चित्रे चाळली, तर जुन्या लाईनचा भराव आणि ओढ्याचे वळण दिसले. विहीर दिसली नाही. चार दशकांचा गाळ बसलेला आहे, ती दिसेल अशी अपेक्षाही नव्हती.

वेगळे काय करता आले असते

निवाडा आधी काढायला हवा होता. तो सगळ्यात शेवटी हाती आला आणि अर्ध्याहून अधिक तपासण्या त्याने एका दिवसात पक्क्या केल्या. बुडीत गावाच्या बाबतीत भूसंपादन आणि पुनर्वसन कार्यालयांपासून सुरुवात करून मग भूमी अभिलेखात जावे.

आत्याशी दोनदाच बोलणे झाले, तेही फोनवर. त्या लहानपणी सुट्टीत विहिरीवर धुणे घेऊन गेल्या होत्या, वाट त्यांना पायाने माहीत होती. कोरे कागद देऊन घर, ओढा, देऊळ, विहीर काढायला सांगितले असते तर तिसऱ्या टप्प्याचा घोळ पहिल्याच दिवशी सुटला असता. असे चित्र प्रमाणात नसते. कशाच्या पुढे काय लागते हा क्रम मात्र बहुधा बरोबर असतो.

तावांचे फोटो मोबाइलने, तिरपे काढले गेले. परवानगी मिळते तिथे ताव सपाट ठेवून, कडेला पट्टी ठेवून, वरून सरळ फोटो घ्यावा. समासातले प्रमाण आणि शेजारच्या गावांची नावे कापू नयेत. एका तावाचा समास कापला गेल्याने प्रमाण आकारबंदातल्या क्षेत्रावरून उलटे काढावे लागले.

शेवटी एक वाद. नातेवाइकांपैकी काहींना हीच साखळी जातीच्या दाखल्यासाठी वापरायची होती. तुकाचे तीन मुलगे फाळणीच्या पट्ट्यांवरून ओळखले, हे वंशशोधाला चालते. पडताळणी समितीपुढे प्रत्येक नात्यासाठी नाव असलेली नोंद लागते. किसन आणि बाबू यांचे नाते महसुली दप्तरात नाही, म्हणून त्यासाठी गिरणीतली किंवा मुंबईतली शाळेची नोंद शोधायला सांगितले. तो शोध अजून चालू आहे.